मानमोडी : एका ठेंगण्या डोंगराने जपलेले नाव

जुन्नरला उतरणाऱ्याची पावले शिवनेरीकडे वळतात, आणि ती वळावीतच. १९ फेब्रुवारी १६३० रोजी ज्या गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्या गडाशी दुसऱ्या कोणत्या डोंगराने स्पर्धा करावी? मुघल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर हाही शेवटी शिवनेरीच चढून गेला.

पण जुन्नर गावाच्या दक्षिणेला एक लांबट, ठेंगणा डोंगर आहे. त्याला बुरूज नाही, दरवाजा नाही, तट नाही. तिथे कोणा राजाचा जन्म झाला नाही, कोणी वेढा दिला नाही. हिवाळ्यातल्या एका दिवसात, एकट्याने, सावकाश पाहत चढून उतरता येईल एवढाच त्याचा पसारा. नाव मानमोडी.

हा थ्रेड त्या एका दिवसाच्या चढाईचा, आणि त्या चढाईत भेटणाऱ्या माणसांचा. त्यांतली बरीचशी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

आधी ऋतूविषयी. सह्याद्रीत पावसाळी भटकंतीचे कौतुक फार. पण इतिहास पाहायचा असेल तर पौष-माघ बरा. पावसात निसरडे होणारे कातळ कोरडे झालेले असतात, झाडोरा विरळ होतो आणि गवताने झाकलेल्या पायऱ्या पुन्हा दिसू लागतात. कुसळी मात्र कपड्यांत शिरून टोचत राहते. तिला उपाय नाही.

दुसरे कारण उजेडाचे. लेण्यांतली ब्राह्मी अक्षरे बहुतेक ठिकाणी उथळ कोरलेली आहेत. समोरून प्रकाश पडला की ती भिंतीत विरून जातात. बाजूने, तिरपा पडला की प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि अक्षर उठून दिसते. सूर्य पोहोचत नसेल तिथे बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरली तरी तेच साधते. शिलालेख वाचणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे.

गंमत अशी की ज्यांच्यासाठी ही लेणी कोरली गेली, त्यांचा हंगाम नेमका उलटा होता. बौद्ध भिक्षूने पावसाचे महिने एका जागी राहावे आणि उरलेला काळ चारिका करावी, हा संघाचा मूळ नियम. पुढे विहार कायम वस्तीचे झाले, तरी डोंगराच्या पोटातल्या या निवाऱ्यांमागची गरज पावसाचीच. सह्याद्रीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला ही गरज समजावून सांगावी लागत नाही. हिवाळ्यात चढणारा माणूस भिक्षू वाटेला लागण्याच्या ऋतूत त्यांच्या घरी जात असतो.

हिवाळा हाच कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांचाही दौऱ्याचा काळ. १८२० च्या दशकात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून दख्खन पालथे घालत होता. पिके, जमिनी, वजनेमापे, पक्षी, मासे, जे दिसेल ते तो टिपून ठेवी. माळरानावरच्या एका चंडोलाला आजही पक्षिशास्त्रात त्याचे नाव आहे. हाच माणूस जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांत शिरला आणि भिंतींवरची अक्षरे उतरवून घेऊ लागला.

इथे जरा थांबायला हवे. साइक्स ही अक्षरे उतरवत होता तेव्हा जगात एकाही माणसाला ती वाचता येत नव्हती.

ब्राह्मीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने कलकत्त्यात केला तो १८३७ च्या सुमारास. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांची शेवटची दोन अक्षरे पुन्हा पुन्हा सारखीच येतात, हे त्याच्या ध्यानात आले. एकाच ठिकाणी इतक्या लोकांना शेवटी एकच शब्द का कोरावासा वाटला असेल? तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्याने केला आणि कुलूप उघडले. साइक्सचा जुन्नरच्या लेखांवरचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला तोही १८३७ सालीच. म्हणजे किल्ली सापडत होती त्याच सुमारास जुन्नरच्या कुलपांची चित्रे छापून तयार होती. न समजणारी रेघ न रेघ इमानाने उतरवणे ही साधी गोष्ट नव्हे. समजत नसलेले अक्षर माणूस नकळत आपल्या ओळखीच्या अक्षरासारखे वळवतो. साइक्सच्या नकलाही निर्दोष नाहीत. तरी त्या होत्या, हे महत्त्वाचे.

आता चढाई. मानमोडीच्या अंगाला लेण्यांचे तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. (हे भीमाशंकर म्हणजे आंबेगाव तालुक्यातले ज्योतिर्लिंग नव्हे. नवख्यांचा इथे हमखास घोटाळा होतो.) तिन्ही नावे लेणी कोरणाऱ्यांनी दिलेली नाहीत; भिक्षू गेल्यानंतर केव्हातरी लोकांनी दिली. स्तूपाकडे पुढच्या काळाने लिंग म्हणून पाहिले असावे, असे ‘भूतलिंग’ या नावावरून दिसते.

भीमाशंकर गटात एका मंडपाच्या भिंतीवर एक लेख आहे. ओळी थोड्या, पण पश्चिम भारताच्या इतिहासाचे कालमापन ज्या थोड्या खुंट्यांवर टांगले आहे, त्यांतली एक खुंटी ही. राजा महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने पुण्यासाठी एक पोढी आणि एक मंडप दिला, वर्ष ४६. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके.

हे ४६ वे वर्ष शक संवताचे धरले, आणि बहुतेक अभ्यासक तसेच धरतात, तर इ. स. १२४ येते. नहपानाच्या काळातला याहून पुढचा दिनांकित लेख मिळालेला नाही. नाशिकच्या लेखांत वर्षे ४१, ४२, ४५ अशी येतात आणि तिथे तो ‘क्षत्रप’ आहे. मानमोडीवर तो ‘महाक्षत्रप’ झालेला दिसतो. पदवी वाढली आणि त्यानंतर शांतता. ती शांतता कशाची, ते १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे सापडलेल्या नाण्यांच्या ढिगाने सांगितले. नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची मोहोर.

अयमाचे पुढे काय झाले, कोणास ठाऊक. राज्य उलटले तेव्हा तो हयात होता की नव्हता, नव्या राजाची चाकरी त्याने पत्करली की नाही, यातले काहीच भिंत सांगत नाही. तिच्यावर एवढेच आहे की एका मोठ्या अधिकाऱ्याला या डोंगरावर पाण्याची सोय करावीशी वाटली.

पुढे अंबा-अंबिका गट. इथले चैत्यगृह अपुरे राहिले आहे, पण त्याच्या दर्शनी भिंतीवर लेखांची दाटी आहे. या लेखांत राजे जवळजवळ नाहीतच. आहेत ती गावे, शेते, झाडे आणि धंदेवाले लोक. शिवनेरीच्या इतिहासात माणसे तलवार घेऊन येतात. मानमोडीच्या इतिहासात ती जमिनीचे कागद घेऊन येतात, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. फरक एवढाच की कागद इथे दगडाचा आहे.

त्यांतला एक दाता अदुथुम नावाचा. तो शक होता, म्हणजे परक्या भूमीतून आलेल्या लोकांपैकी. आणि कोणाचिक नावाच्या श्रेणीचा उपासक होता. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातल्या लोकांची बांधीव संघटना. या अदुथुमाने वडालिका गावातली २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक येथली ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी दिली. निवर्तन हे जमिनीचे जुने माप.

वड सावलीसाठी, हे पटकन समजते. करंज कशाला? करंजाच्या बियांचे तेल निघते आणि ते दिव्याला चालते. डोंगराच्या पोटात, खिडकी नसलेल्या खोलीत राहणाऱ्यांना रोज रात्री काय लागत असेल याचा विचार ज्याने केला, त्याचे नाव उच्चारताना आज आपली जीभ अडखळते. लेखात तेलाचा उल्लेख नाही, हा अर्थ आपण लावायचा आहे. पण गरजेशी तो जुळतो.

याच परिसरातल्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी येते, तेल गाळणाऱ्यांची येते, धान्याच्या व्यापाऱ्यांची येते. धान्यवाल्यांनी सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान केली. काही दात्यांनी रोख रक्कम श्रेणीकडे कायमची ठेवली. मुद्दल हलवायचे नाही, येणाऱ्या वाढीतून संघाचा खर्च चालवायचा. व्यवहार ओळखीचा वाटतो ना? ठेव, व्याज, विश्वस्त. बँकेची इमारत तेवढी नव्हती.

या श्रेणींमध्ये एक शब्द आहे ‘कासाकार’. काशाची भांडी घडवणारे. हा शब्द लक्षात ठेवावा. डोंगर उतरण्यापूर्वी त्याचे काम पडणार आहे.

अंबिका हे नाव आले ते आणखी पुढच्या काळातून. बौद्ध भिक्षू गेल्यानंतर इथे जैन मूर्ती कोरल्या गेल्या आणि त्यांत नेमिनाथांची यक्षी अंबिका होती. लोकांनी तिला देवी म्हणून स्वीकारले आणि गटाला तिचे नाव दिले. एका लेण्याने किती संसार पाहावेत!

भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दारावर मात्र नजर खिळते. दारावरच्या अर्धवर्तुळाकार कमानीत कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे पाडले आहेत. मधल्या कप्प्यात लक्ष्मी उभी, दोन्हीकडे हत्ती, आणि कडेच्या कप्प्यांत हात जोडलेली माणसे. कमळाच्या मधल्या सपाट भागावर एक छोटा लेख आहे. हा दर्शनी भाग यवन चंद याचे दान.

यवन म्हणजे मूळचा ग्रीक, किंवा निदान त्या वंशाचा म्हणून ओळखला जाणारा. नाव चंद, म्हणजे चंद्र, धर्म बुद्धाचा, आणि दारावर त्याने बसवून घेतली ती लक्ष्मी. परका माणूस रुळला की तो कसा दिसतो, हे समजून घ्यायला याहून नेमके शिल्प मिळणार नाही. समोर शिवनेरीच्या लेण्यांतही दोन यवन आहेत, इरिल आणि चिट. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप. ही माणसे इथे आली कशी, याचे उत्तर पश्चिमेला नाणेघाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल त्या घाटाने वर चढे आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त कल्याणचाच होता.

भूतलिंगापाशी, आणि एकूणच या डोंगरावर, आवाज न करणे बरे. कमानींना आग्या मोहोळे लागलेली असतात. अत्तर, धूर, ओरडाआरडा यांतले काहीही त्यांना खपत नाही. एकट्याने जाण्याचा हा एक फायदा, गप्पा मारायला कोणी नसते. आणि हाच तोटाही, कारण माशा उठल्या तर मदतीलाही कोणी नसते. म्हणून एकट्याने जाणाऱ्याने पायथ्याशी कोणाला तरी सांगून वर जावे.

डोंगरावरून पाहिले की जुन्नरचा नकाशा आपोआप उलगडतो. जवळच शिवनेरी, उत्तरेला कुकडीपलीकडे लेण्याद्री, पश्चिमेला घाटमाथ्याची निळसर रेघ. तीन डोंगर आणि मध्ये गाव.

नेमके हेच दृश्य एका थोर संशोधकाच्या मनात घर करून बसले. पंडित भगवानलाल इंद्रजी, जन्म १८३९, गाव जुनागढ. गिरनारच्या पायथ्याचा अशोकाचा लेख हा त्यांचा पहिला गुरू. प्रिन्सेपचा अक्षरतक्ता मिळवून पोरवयातच ते त्याच्यासमोर बसले. पुढे मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले आणि उरलेले आयुष्य भारतभर लेण्यांत, टेकड्यांवर, शिळांसमोर घालवले. १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचे पुस्तक सिद्ध केले. जुन्नरच्या लेखांचे शास्त्रीय वाचन उभे राहिले ते त्याच्यावर. साइक्सने उतरवलेल्या रेघांना त्यांनी शब्द दिले.

आता प्रश्न असा होता की या शहराचे सातवाहन काळातले नाव काय? एवढी लेणी, एवढे दाते, एवढा व्यापार. पण शहराचे नाव निर्विवादपणे सांगेल असा लेख नाही. ग्रीक प्रवासवृत्तांतात ‘तगर’ या मोठ्या बाजारपेठेचे नाव येते. भगवानलालांना वाटले, तगर म्हणजे त्रिगिरी, आणि त्रिगिरी म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी या तीन डोंगरांमधले हे गाव. म्हणजेच जुन्नर.

कल्पना इतकी देखणी आहे की ती खरी ठरावी असे वाटते. ती ठरली नाही. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे दाखवून दिले आणि आज तेच मान्य आहे. भगवानलाल १८८८ सालीच वारले होते. डोळ्यांनी पाहिलेला भूगोल माणसाला शहाणे करतो तसा चकवतोही, याचे हे उदाहरण. म्हणून त्यांचे मोठेपण रतिभर कमी होत नाही.

तर जुन्नरचे जुने नाव अभ्यासकांच्या एकमताने आजही सांगता येत नाही. आणि मानमोडीचे?

इथे दामोदर धर्मानंद कोसंबी येतात. जन्म १९०७, गोव्यातला, वडील धर्मानंद हे बौद्ध साहित्याचे नामवंत अभ्यासक, शिक्षण हार्वर्डला, पेशा गणिताचा. इतिहासाकडे ते आले तेही गणिताच्याच वाटेने, जुनी आहत नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून त्यांचा क्रम लावता लावता. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरचा मोठा ग्रंथ आला, आणि १९६२ साली ‘मिथ अँड रिअॅलिटी’.

कोसंबींचे एक सांगणे त्यांच्या काळातल्या बऱ्याच प्राध्यापकांना मानवले नसावे: इतिहासकाराने पायी चालावे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवून त्यांनी अश्मयुगीन गारगोट्यांची इवली हत्यारे वेचली. गावोगावच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यांपाशी थांबून देवीचे नाव विचारले. तिला नवरा आहे का, जत्रा कधी, नैवेद्य कसला, हे विचारले. ज्या देव्यांना पुराणात जागा नाही, ज्यांची नावे एका गावापलीकडे कोणाला ठाऊक नाहीत, त्यांच्यात त्यांना लेखनाच्याही आधीचा इतिहास दिसत होता. आणि त्यांच्या ध्यानात आले की बौद्ध लेणी पुष्कळदा अशाच जागी आहेत: जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात आणि जिथे देवीचे ठाणे आहे.

मानमोडीवर त्यांना याचा बळकट पुरावा मिळाला. इथल्या ब्राह्मी लेखांत या जागेचे नाव ‘मानमुकुड’ असे येते. कोसंबींनी मानमोडी हे देवीचे नाव म्हणून पाहिले आणि त्याचे जुने रूप या लेखात ओळखले. म्हणजे देवी, किंवा निदान तिचे नाव, भिक्षू आले तेव्हाही इथे होते. त्यांनी ते पुसले नाही. आणि ते निघून गेल्यावरही आसपासच्या लोकांच्या तोंडी ते राहिले.

मुकुडचे मोडी कसे व्हावे? इथे तो ‘कासाकार’ कामाला येतो.

कासाकार आज कासार आहे. कुंभकार कुंभार झाला, लोहकार लोहार झाला, सुवर्णकार सोनार झाला. प्रत्येक ठिकाणी दोन स्वरांच्या मधला ‘क’ गळाला आणि स्वर एकमेकांत मिसळले. संस्कृतातल्या ‘मुकुट’चे प्राकृतात ‘मउड’ होते, तेही याच वाटेने. ‘अ’ आणि ‘उ’ शेजारी आले की मराठीत पुष्कळदा ‘ओ’ होतो. मयूर, मऊर, मोर. मानमुकुड, मानमउड, मानमोड. त्याला ‘ई’ जोडली की झाली मानमोडी.

मग ‘मान मोडणारी’ हा अर्थ? शब्दाचे मूळ विसरले की लोक त्यात ओळखीचे शब्द ऐकू लागतात. ज्या डोंगरावरून पाय घसरला तर खरोखरच मान मोडेल, त्या डोंगराला हा अर्थ चिकटायला वेळ लागला नसणार. कोपिष्ट ग्रामदेवतेलाही तो शोभतो. अर्थ नवा, नाव जुने.

यात एक बोच आहे. या डोंगरावर ज्यांनी पैसा ओतला, ज्यांनी नावे कोरून घेतली, ते सगळे विस्मृतीत गेले. अमात्य अयम, यवन चंद, शक अदुथुम. ही नावे विद्वानांनी परत मिळवली ती एकोणिसाव्या शतकात. नहपान हे नाव जुन्नरच्या एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या नातवाला सांगितले असेल, असे वाटत नाही. जे नाव सलग टिकले ते ज्यांनी टिकवले त्यांतल्या कोणालाही लिहिता येत नसावे. गुराखी, मोळीवाले, शेतकरी, देवीला नवस बोलणाऱ्या बाया. राज्ये आणि धर्म बदलत गेले तरी सकाळी गुरे कुठे न्यायची हे सांगायला डोंगराचे नाव लागतच राहिले.

भिंतींवर आज दोन प्रकारची अक्षरे आहेत. एक ब्राह्मी, दुसरी अलीकडच्या पाहुण्यांची, बदाम-बाणांसह. दुसरी कोरताना पहिलीचा कपचा निघाला तर तो परत लावता येत नाही. साइक्सच्या नकला आणि भगवानलालांची वाचने यासाठीही मोलाची आहेत, की एखादे अक्षर उद्या भिंतीवरून गेले तर ते एकेकाळी होते याची साक्ष त्यांच्यापाशी उरेल.

उतरण्याची वेळ दिवस असतानाच साधावी. हे काव्य नव्हे, व्यवहार आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावात उसाचे मळे वाढले आणि त्या मळ्यांत बिबटे राहू लागले; तिथेच ते पिल्ले वाढवतात. हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम असतो, ऊस तुटतो आणि बिबट्यांचा आडोसा जातो. वन खात्याला माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरूनच काय ते समजावे. संध्याकाळी उसाच्या बांधावरून एकट्याने चालणे इथला शेतकरीही टाळतो.

उतरल्यावर वेळ असेल तर रस्ता आंबेगाव तालुक्याकडे वळतो. तालुक्याचे नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला; आणि खुद्द आंबेगाव? घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि मूळ गाव त्याच्या पाण्यात गेले. घरे उठली, माणसे दुसरीकडे वसली. तालुक्याचे नाव मात्र कोणी बदलले नाही. आज ते नाव आहे ते सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, आणि घोडेगावचा माणूस पुण्यात कोणाला आपला पत्ता सांगतो तेव्हा त्याच्या तोंडी.